रुमालाखालची परीक्षा

“सोडा! अहो काका, सोडा त्याचं बोट! तुटेल ते! अहो, कुणीतरी सांगा ना यांना!”

पुण्याहून आलेली पोरगी खुर्चीवर चढून ओरडत होती. खुर्चीवर का चढली हे मला आजवर कळलेलं नाही. साप निघाला की माणूस खुर्चीवर चढतो. इथं तर नुसता आमचा चाचा बसला होता. त्याच्यासमोर टेबलावर ते पांढरं प्लास्टिकचं पोट्टं, दीड हात उंच, डोळ्यांत निळे दिवे. पोट्ट्याचा उजवा हात चाचाच्या चौकडीच्या रुमालाखाली, चाचाचाही उजवा हात त्याच रुमालाखाली. चाचाचे डोळे अर्धे मिटलेले, मान जराशी वाकडी, चेहऱ्यावर बादशहाची ऐट. आणि म्हाताऱ्यांची अक्कल मोजायला आणलेलं ते यंत्र गोड आवाजात म्हणत होतं, “आपला स्पर्श मला आवडला. कृपया प्रश्नाचे उत्तर द्या. आज कोणता वार आहे?”

“देलं नं,” चाचा म्हणाला. “कधीचं देऊन राह्यलो. तूच समजून नाही राह्यला.”

आणि रुमालाखाली कट्‌ असा आवाज झाला.

मंगरूळपीरच्या विरंगुळा केंद्रात त्या वेळी चाळीसेक म्हातारी माणसं बसली होती. त्यांतल्या निम्म्यांना ढोल वाजला तरी ऐकू येत नाही, पण तो कट्‌ सगळ्यांनी ऐकला. चाचानं रुमाल बाजूला केला, तुटलेलं पांढरं बोट उचलून उलटंपालटं पाहिलं आणि खुर्चीवरच्या पोरीच्या हातात दिलं.

“घे बाई. कच्चा माल हाये.”

आता हा चाचा कोण, ते सांगतो. मी पंचायत समितीत बाबू होतो आणि अकरा वर्षं या माणसाच्या घरात भाड्यानं राहिलो. तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणत असे, पाठीमागे ‘तो’. लिहिणं म्हणजे पाठीमागेच बोलणं, म्हणून इथं तो ‘तो’च राहील.

चाचा बैलांचा दलाल. शेलूबाजारच्या बाजारात विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला आणि मधे चाचा. ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांना माहीत नसेल, की तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, रुमालाखाली समोरच्याची बोटं धरतो. कोणतं बोट धरलं, किती धरली, कितीदा दाबली, यावरून आकडा कळतो. बाजूला उभा असलेला माणूस फक्त रुमालाची चुळबुळ पाहतो. असं याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे करत सौदा जुळला की मधला माणूस एकदाच तोंडानं सांगतो. मग त्याचा शब्द दोघांनाही मान्य. कुणी उलटून विचारत नाही की माझ्या बोटांनी खरंच हेच सांगितलं होतं का.

बाकीचे दलाल बाजार उठला की रुमाल खांद्यावर टाकून माणसात येत. चाचा आला नाही. “आकडा तोंडातून सुटला का तो गावाचा झाला,” असं तो म्हणायचा, आणि हे त्यानं बैलांपुरतं ठेवलं नाही. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, ‘किती तिकिटं?’ की चाचा त्याच्या हातावर रुमाल टाकायचा. आमच्या मार्गावरचे कंडक्टर बदली करून घ्यायचे ते यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. शिरगणतीला आलेल्या गुरुजींनी वय विचारलं तेव्हाही रुमाल. गुरुजी नवखे, त्यांना जेवढी बोटं लागली तेवढी त्यांनी जोडत नेली आणि चाचाच्या वयासमोर एकशे चाळीस लिहून चहा न घेता निघून गेले. सरकारदरबारी आमचा चाचा कंपनीच्या राज्यापासून जिवंत होता.

घरातही तेच. दोन पोळ्या हव्यात की तीन, हे तो चाचीचा हात धरून सांगायचा. चाची मोठी फटकळ बाई होती. दारात येऊन मला म्हणायची, “पाह्यलं काय बाबू? निकाह झाल्यापासून हा माणूस पोळी मागते तं हात धरते. लोकायले वाटते लय पिरेम हाये.”

एकदा अनसिंगचा एक शेतकरी चाचाच्याच तोडीचा भेटला. सकाळी आठाला दोघांचे हात रुमालाखाली गेले. दहा वाजले, बारा वाजले. उन्हं डोक्यावर आली. लोकांनी दोघांना बशीनं चहा पाजला. ज्या बैलाचा सौदा चालला होता तो उभ्याउभ्या झोपला आणि पडला. दुपारी एका बकरीनं येऊन रुमालाचं एक टोक खाल्लं, तरी कुणी हात काढला नाही. शेवटी सौदा झाला तेव्हा बैलाला एक दात नवा फुटला होता, असं चाचाच सांगायचा. मी त्यात माझ्या पदरचं काहीही घातलेलं नाही, फक्त बकरी घातली आहे.

दातांवरून आठवलं. बैलाचं वय दातांवर ओळखतात: दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की बैल जुळला म्हणतात, म्हणजे तिथून पुढं उतरण. चाचा सगळ्या सृष्टीला याच मापानं मोजायचा. मी खोली पाहायला गेलो तेव्हा त्यानं मला ओट्यावर उभं केलं, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “तोंड उघड.” मी उघडलं. नोकरी नवी होती. त्या काळी मी कुणीही सांगितलं तरी तोंड उघडायचो.

“चार दाती हाये,” तो चाचीला ओरडून म्हणाला. “मांगच्या पायात खोड दिसते. पण बाबूले चालाचं काय काम? राहू दे.”

आमचे साहेब एकदा माझ्याकडे जेवायला आले. केस काळे कुळकुळीत, इस्त्रीची पँट. चाचानं त्यांना दुरून एकदाच पाहिलं. “जुळलेला हाये,” म्हणाला. “रंग लावून बाजारात आणला.” साहेबांनी ते ऐकलं. माझी बढती चार वर्षं लांबली.

असा हा माणूस. उद्धट, कंजूष जिभेचा, स्वतःला बाजाराचा नवाब समजणारा. मला तो कधी फारसा आवडला नाही. मी निवृत्त झाल्यावर दोन गल्ल्या सोडून घर बांधलं तरी रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जायचो, ते केवळ चहा फुकट मिळायचा म्हणून.

चाची गेली आणि चहा चाचाच करू लागला. हळूहळू तो चहा वाढला. मी बसलो की एक कप यायचा. तो संपला की चाचा कपाळाला हात लावायचा, “अरे, तुले चहा नाही इचारला!” आणि दुसरा यायचा. मग तिसरा. मी तिन्ही प्यायचो. पाहुणचाराला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. मग तो मला मधूनच ‘मास्तर’ म्हणू लागला. माझ्याआधी त्या खोलीत एक मास्तर राहायचे. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती. मी म्हटलं, चला, बाबूचा मास्तर झालो, बढतीच आहे. एकदा तो बाजार नसलेल्या दिवशी जीपनं शेलूबाजारला गेला, मोकळ्या मैदानात संध्याकाळपर्यंत एकटा बसला आणि परत येऊन मला म्हणाला, “बाजार पडला, मास्तर. एक जनावर नाही आलं.” मी त्यावरही मान डोलावली. खोटं नव्हतंच ते.

मग एक दिवस गॅसवर दूध ठेवून चाचा नमाजाला गेला आणि तिथून परस्पर दर्ग्याकडे जाऊन गप्पा मारत बसला. भांडं जळून काळं झालं, पडदा पेटला, शेजाऱ्यांनी पाण्याच्या बादल्या ओतल्या. कुणीतरी पुण्याला फोन केला. तिसऱ्या दिवशी मुलगा मोटार घेऊन हजर.

चाचाचा हा एकुलता एक मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्याच्या घरात दिव्याला ‘लाग’ म्हटलं की दिवा लागतो, पंख्याला ‘थांब’ म्हटलं की पंखा थांबतो. बायको मात्र ऐकत नाही, असं तोच सांगायचा. वाईट पोरगा नव्हता. फक्त जे कागदावर छापून येतं तेच खरं, अशी त्याची एक समजूत होती, आणि ती सगळ्याच शिकलेल्यांची असते.

“अब्बा, अब बस हुआ,” तो म्हणाला. “माझ्यासोबत चला.”

“पुण्यात काय करू? दिव्यासंग बोलू?”

दोन दिवस बापलेकांची ही झटापट चालली, आणि नेमकं त्याच आठवड्यात विरंगुळा केंद्रावर फलक लागला: ‘ज्येष्ठांची स्मरणशक्ती तपासणी. रोबो मित्र तुमच्या भेटीला.’ कुठल्याशा संस्थेनं ते यंत्र आणि त्याच्यासोबत ती पोरगी पाठवली होती. मुलाचे डोळे लकाकले. माणसांचं ऐकत नाहीत ना, मग यंत्राचं ऐका. त्यानं अट घातली, तीही सगळ्या ओट्यासमोर, मोठ्या आवाजात: यंत्रानं पास केलं तर अब्बा इथंच राहतील आणि तो पुन्हा तोंड उघडणार नाही. नापास केलं तर त्याच दिवशी गाडीत बसायचं.

चाचानं हातावर रुमाल टाकून हात पुढं केला. मुलानं आपला हात दिला नाही. “अब्बा, मी तोंडानं बोललोय. पुरे झालं.”

चाचानं त्याच्याकडे अशी नजर टाकली की मुलगा नव्हे, मीच लाजलो. “पोट्टा इंजिनिअर झाला,” तो मला म्हणाला, “पण सगळा आकडा बोलून बसला.”

आता त्या यंत्राबद्दल. मी त्याला फुकट शिव्या देत नाही, मी स्वतः त्याच्यासमोर बसलो होतो. ते छापील पुस्तकातली मराठी बोलायचं. ‘कृपया’, ‘आपण’, ‘अगदी बरोबर’. आमच्या म्हाताऱ्यांना एवढ्या आदरानं आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. दोघींनी त्याच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली, एका आजीनं त्याला नजर लागेल म्हणून मीठमोहऱ्या मागवल्या. मला ते म्हणालं, “एका मिनिटात जास्तीत जास्त प्राण्यांची नावे सांगा.” मी सुरुवात केली बैलापासून. बैल म्हटल्यावर मला तो चाचानं विकलेला पांढरा बैल आठवला, जो नव्या मालकाच्या घरून रात्रीतून चालत परत आला होता. ती गोष्ट थोडक्यात सांगितली. मग रुमाल खाणारी बकरी. ती गोष्ट अर्ध्यावर असताना मिनिट संपलं. “तीन प्राणी,” यंत्र म्हणालं. तिसरा कुठून धरला कोण जाणे, बहुधा चाचा. पुढं शंभरातून सात-सात वजा करायचे होते, त्यात मी ब्याऐंशीवर जाऊन अडकलो. ब्याऐंशी त्या वजाबाकीत येतच नाही, असं नंतर कळलं. तीसपैकी एकोणीस. कागदावर छापून आलं: ‘सौम्य घट. तज्ज्ञांना भेटा.’ ज्या माणसाला अख्ख्या तालुक्याची कुळकथा पाठ, त्याची घट!

माझ्यानंतर चाचा. बसण्याआधी त्यानं यंत्राभोवती चक्कर मारली. त्याचा हात उचलून पाहिला, पाठ थोपटली, जबड्याच्या जागी बोट घालायला गेला. “दात नाही,” म्हणाला. “खांद्यावर घट्टा नाही. जू कधी पाह्यलंच नाही यानं. आन् हा मायी उमर तपासणार?” सगळं केंद्र हसलं. मग तो बसला, यंत्रानं वार विचारला, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बोट तुटलं तरी यंत्र थांबलं नाही. त्यानं सगळे प्रश्न शिस्तीत विचारले आणि प्रत्येक प्रश्नानंतर थोडं थांबून म्हणालं, ‘प्रतिसाद नाही.’ तीसपैकी शून्य. मुलानं कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि घरी जाऊन बापाचे कपडे पेटीत भरायला लागला.

मी मात्र गावभर बोंब मारली. चहाच्या टपरीवर उभा राहून सांगितलं, की चाचानं तीसच्या तीस उत्तरं अचूक दिली. बोटावर वार, बोटावर तारीख, बोटावर वजाबाकी. त्या बिनदाताच्या डब्याला बाजाराची भाषा येत नाही, हा चाचाचा दोष काय? उद्या मुक्या माणसाला बोलला नाही म्हणून वेडा ठरवाल? ऐकणारे वाढले तसा माझा आवाज वाढला. संध्याकाळपर्यंत गोष्ट अशी झाली होती, की चाचानं बोटांनी यंत्रालाच उलटे प्रश्न विचारले आणि उत्तर न आल्यानं त्याचं बोट शरमेनं गळून पडलं.

तेवढ्यावर न थांबता मी त्या पोरीकडे गेलो. बिचारी तुटलेल्या बोटावर चिकटपट्टी लावत बसली होती.

“ताई, तुमचा नेम काय सांगते? ज्याले ऐकू नाही येत त्याच्यासंग माणूस बसू शकते का नाही?”

“बसू शकतो. पण काकांना ऐकू येतं.”

“ऐकू येते, पण ते हातानं बोलतात. मले त्याहिचा हात वाचता येते. मी बसतो मधात.”

“काका, तुमचाच स्कोअर एकोणीस आहे.”

“मले उत्तरं कुठं द्याची हायेत? मी फक्त निरोप्या.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. वर काय कळवायचं याची तिला धास्ती असावी. ‘वृद्धानं बोट मोडलं’ असा रकाना तिच्या फॉर्मात नव्हता. “उद्या सकाळी,” ती म्हणाली. “एकदाच.”

मुलानंही मान्य केलं. त्याचा त्याच्या कागदावर विश्वास होता, दुसऱ्या कागदावर का नसावा? पण पेटी त्यानं भरूनच गाडीत ठेवली.

सकाळी आम्ही बसलो. पोरीनं यंत्राचे दोन्ही हात पाठीमागे चिकटपट्टीनं बांधले होते, चोर पकडून आणल्यासारखे. एका अंगाला मुलगा, हाताची घडी घालून. चाचानं रुमाल झटकला, हातावर टाकला. मी माझा हात आत सरकवला. सगळं केंद्र वाकून पाहत होतं.

“आज कोणता वार आहे?” यंत्र म्हणालं.

मी वाट पाहिली. ती बोटं मला येत होती. अकरा वर्षं मी त्या बोटांशी भाड्याची, पाण्याची, पाहुण्यांची भांडणं केली होती. वार म्हणजे सोपं. सोमवारपासून धरायचं, तेवढी बोटं.

रुमालाखाली काही हललं नाही.

मग चाचाच्या हातानं माझी पाचही बोटं एकदम धरली आणि धरून ठेवली. दाब नाही, ठोका नाही, सोडणं नाही. असा आकडा शेलूबाजारात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या बाजारात असेल असं मला वाटत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी, चेहऱ्यावर तीच बादशाही ऐट. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, सौदा रंगात आला आहे.

आदल्या दिवशी ते प्लास्टिकचं बोट कसं तुटलं ते मला तेव्हा कळलं. आणि त्याच्यावर मी दिवसभर गावाला काय काय ऐकवलं होतं, तेही आठवलं. वाचाळ माणसाला शरम वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत. त्यातला हा एक.

“बुधवार,” मी म्हणालो.

“अगदी बरोबर,” यंत्र म्हणालं.

महिना मी सांगितला. गाव मी सांगितलं. शंभरातून सात वजा करा म्हटलं, पाच बोटांची तीच पकड. “त्र्याण्णव,” मी म्हणालो. “शहाऐंशी. एकोणऐंशी.” पाठीवरून घाम वाहायला लागला. आदल्या दिवशी ब्याऐंशीवर रुतलेली गाडी आज बहात्तर, पासष्ट करत उताराला लागली होती. यंत्रानं तीन शब्द दिले: कमळ, चाक, डोंगर. हे लक्षात ठेवा, नंतर विचारीन.

पोरीनं मान वर केली. “शब्द कसे सांगणार बोटांनी?”

“ताई, बैलाचा रंग, शिंगं, खोडी, मालकाचा स्वभाव, सगळं बोटांवर सांगतात. कमळ तं काहीच नाही.”

मग आली ती एका मिनिटातली जनावरं. बैल, गाय, म्हैस, रेडा, बकरी, बोकड, मेंढी, गाढव, घोडा, उंट, कोल्हा, रोही, हरीण, रानडुक्कर, माकड, मुंगूस. एकाही जनावराची गोष्ट सांगितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी साठ सेकंद नुसता बोललो, काही न जोडता. माझ्या हाताला त्याच्या तळव्याचा ओलावा लागत होता आणि मी नावं फेकत होतो, थांबलो तर मुलाची गाडी सुरू होईल अशा भीतीनं.

मिनिट संपलं. पोरगी रुमालाकडे पाहत होती.

“हे सगळं यांनी बोटांनी सांगितलं?”

“हो ताई.”

“रुमाल तर हललाच नाही.”

“जुना दलाल हाये, ताई. नव्याचा हलते.”

तिनं पेन उचललं, खाली ठेवलं. मुलाकडे पाहिलं, चाचाकडे पाहिलं, मग यंत्राकडे. यंत्राला काही शंका नव्हती. त्याला फक्त उत्तरं हवी होती. ती कुणाच्या डोक्यातून निघाली, हे विचारण्याची सोय त्याच्यात ठेवलेली नव्हती. तीसपैकी अठ्ठावीस. दोन गुण माझ्यामुळे गेले: तारीख एकानं चुकली आणि डोंगर मला काही केल्या आठवला नाही. ‘उत्तम,’ कागदावर छापून आलं. ‘असेच सक्रिय राहा.’

आता याला काय म्हणावं? एकच डोकं, एकच तोंड, एकच यंत्र. माझ्या नावानं बसलो तर घट, चाचाच्या नावानं बसलो तर उत्तम. असल्या डब्याला हार घालून गावोगाव फिरवतात, आणि आपण त्याच्यासमोर शहाण्या पोरांसारखे रांग लावतो.

मुलानं कागद दोनदा वाचला. मग गाडीतून पेटी काढून घरात आणून ठेवली. शब्दाला जागला, एवढं मी त्याच्याबद्दल म्हणेन. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “काका, गॅसवर लक्ष असू द्या.” त्याला कळलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर यायची भीती होती.

त्यानंतरचे दोन उन्हाळे चाचा मंगरूळातच होता. रोज दुपारी निघताना गॅसची नळी काढून मी पिशवीत घालून न्यायचो आणि सकाळी आणून लावायचो. चहा मी करायचो, तीनदा ‘घे नं’ तो म्हणायचा. जेवणाचा डबा शेजारून. बाजार नसलेल्या दिवशी त्याला शेलूबाजारला जायचं असलं की मी जीपवाल्याला डोळा मारायचो आणि जीप बिघडायची. आता चाचा नाही, त्याच्या घराला कुलूप आहे, आणि चौकडीचा रुमाल मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथं तो रुमाल दिव्याशी काय बोलतो देव जाणे.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मुलाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी अजून कपाळ पुसत होतो, आणि हा माणूस पाय पसरून, बैलजोडी विकून आल्यासारखा निवांत. मला राग आला. एवढं खोटं बोललो, आभार नाही, शाबासकी नाही.

“चाचा,” मी म्हणालो, “खरं सांगा. तुम्हाले त्यातल्या एकाबी सवालाचं उत्तर येत नव्हतं काय?”

चाचानं रुमाल झटकला, घडी केली, खांद्यावर टाकला.

“तुले येत होते नं, मास्तर.”